बारा मेगापिक्सलच्या लिमयेकाकू

आमच्या बिबवेवाडीच्या सोसायटीत नवा फोन घेतलेला माणूस आठवडाभर लिमयेकाकूंना चुकवत जिन्यानेच ये-जा करायचा. लिफ्टमध्ये काकू भेटल्या की संपलं. हातात फोन दिसताच त्या चष्मा कपाळावर चढवायच्या आणि विचारायच्या, "किती मेगापिक्सल?" आपण भोळेपणाने सांगायचं, "एकशे आठ, काकू." त्यावर पुढचा शब्द ठरलेला. "पुरावा?"

हा शब्द त्यांना नोकरीने दिला होता. काकूंची सगळी उमेदीची वर्षं विमा कंपनीत लोकांचे दावे तपासण्यात गेली. निवृत्त झाल्या तरी जग आपल्यापुढे दावे घेऊनच उभं आहे, अशी त्यांची खात्री होती. दूधवाला म्हणाला, "म्हशीचंच आहे काकू," की पुरावा. वॉचमन म्हणाला, "लिफ्ट पाच मिनिटांत चालू होईल," की पुरावा. एकदा आमच्याकडे सत्यनारायण होता. कथेत साधुवाण्याची नौका बुडाली तेव्हा सगळे हात जोडून बसले होते आणि काकू माझ्या कानाशी येऊन कुजबुजल्या, "नौकेचा विमा होता का, गुरुजींना विचार गं." मला तीर्थ घेताना ठसका लागला.

मी कॉलेजात अकाउंट्स शिकवते. आकडा मोठा तेवढी वस्तू चांगली, अशी माझी जन्माची समजूत. त्यामुळे माझा नवा फोन पाहून काकूंनी विचारलं तेव्हा मी ऐटीत "एकशे आठ" म्हणून बसले. काकूंनी मला घरात नेलं आणि स्वयंपाकघरातून एक रिकामी वाटी आणून टेबलावर ठेवली.

"यात श्रीखंड आहे असं समज. पंगतीला पाहुणे एकशे आठ. प्रत्येकाच्या वाटणीला काय येईल?"

"थेंब."

"थेंब कसला, वेलदोड्याचा वास! तुझ्या फोनच्या कॅमेऱ्याचा जीव केवढा, त्यात उजेड शिरतो केवढा? वाटीभर. तो एकशे आठ जणांत वाटायचा. माझ्या कॅमेऱ्यात पाहुणे बाराच, पण श्रीखंडाचं पातेलं आहे. सगळे ढेकर देऊन उठतात."

"पण काकू, माझ्या फोनचे फोटो चांगले येतात की."

"येणारच. श्रीखंड संपलं की तुझा फोन पाहुण्यांना उपाशी उठवत नाही. आत श्रीखंड असणार असं स्वतःच ठरवतो आणि खडू कालवून वाढतो. दिसायला छान पिवळं."

एवढं बोलून त्यांनी वाटी धुवायला टाकली. रिकामी वाटी धुवायला टाकणारी बाई मी तेवढी एकच पाहिली.

काकूंना तोडीस तोड होते आमचे नाना, म्हणजे माझे वडील. ते माझ्याकडेच असतात, काकूंच्या वरच्या मजल्यावर. माझ्या भावाने त्यांना परदेशातून दोनशे मेगापिक्सलचा फोन पाठवला आणि नानांचं पाऊल जमिनीला लागेना. ओळख करून देतानासुद्धा ते आधी फोनची करून द्यायचे. काकूंनी तो फोन हातात घेतला, नानांनी काढलेला जास्वंदीचा फोटो उघडला, त्याची माहिती उघडली आणि चष्मा खाली घेतला.

"नाना, हा फोटो बारा मेगापिक्सलचा आहे."

"अहो वहिनी, काहीतरीच काय! खोक्यावर दोनशे लिहिलंय."

"खोक्यावर असेल. फोटोत बारा आहेत. तुमचा फोन दोनशे पाहुण्यांना आमंत्रण देतो आणि सोळा-सोळा जणांना एका पाटावर कोंबून बाराच पानं मांडतो. आतल्या आत त्यालाही ठाऊक आहे, श्रीखंड पुरणार नाही म्हणून."

नाना त्या दिवशी जेवले नाहीत. पुढे मीच फोनमधलं दोनशे पूर्ण देणारं बटण शोधून दिलं तेव्हा त्यांच्या जिवात जीव आला. मग प्रत्येक फोटो इतका अवजड निघू लागला की महिनाभरात फोनचं पोट भरलं आणि रोज सकाळी "मेधा, याला जागा कर गं" हे मला ऐकावं लागलं.

हा सगळा थट्टेचा मामला वाटेल, पण काकू कॅमेऱ्याच्या नादाला लागल्या ते काही हौस म्हणून नव्हे.

लिमयेकाका गेले तेव्हा घरात त्यांचा एकही धड फोटो नव्हता. काका मार्केट यार्डातल्या एका भुसार पेढीवर मुनीम होते. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, पायात चपला, खिशात अडकित्ता. फोटो काढायची वेळ आली की हा माणूस म्हणायचा, "तुम्ही उभे राहा, मी पिशव्या सांभाळतो." त्यामुळे घरातल्या सगळ्या सहलींच्या फोटोंत पिशव्यासुद्धा दिसतात, काका दिसत नाहीत. लग्नातला फोटो होता, पण त्यातला सडपातळ मुलगा ओळखायला काकूंनाच वेळ लागायचा. शेवटी पुतण्याला त्यांच्या व्हॉट्सअॅपवरचा फोटो सापडला. फोन घेऊन दिला त्या दिवशी पुतण्यानेच समोरच्या कॅमेऱ्याने घाईत काढलेला, बोटाच्या पेराएवढा. तो बुधवार पेठेतल्या एका दुकानात गेला आणि "दिवसांसाठी हवाय, मोठा करून द्या" म्हणाला. दुकानदाराने त्याच्या परीने गेलेल्या माणसाचा मान राखला.

संध्याकाळी फ्रेम आली. आतल्या गृहस्थांनी निळा ब्लेझर घातला होता. लाल टाय. केस काळेभोर, गाल तुकतुकीत, मागे काश्मीरसारखं काहीतरी. नाना भेटायला गेले, हात जोडले, फोटोकडे पाहिलं आणि मला हळूच विचारलं, "मेधा, आपण मजला चुकलो का?"

मला त्या घरात, त्या दिवशी, हसू आवरेना. काकू मात्र फ्रेमच्या अगदी जवळ उभ्या होत्या. ब्लेझरकडे त्यांचं लक्षच नव्हतं.

"यांची भुवई कुठाय?" त्या म्हणाल्या.

काकांची डावी भुवई मधोमध तुटलेली होती. लग्नानंतर थोड्याच दिवसांत काकूंनी स्वयंपाकघरातल्या फडताळाचं दार धाडकन उघडलं आणि शेजारी डबा घ्यायला वाकलेल्या काकांना दाराचा कोपरा लागला. टाके पडले, आणि भुवईचे कायमचे दोन तुकडे झाले. मधे तांदळाएवढी पांढरी रेघ. काका ती बोटाने दाखवून म्हणायचे, "ही आमच्या हिची सही. बाकी कुठल्या कागदावर मजकूर वाचल्याशिवाय करत नाही, इथं मात्र न वाचता केली." ती रेघ फोनने डाग समजून आधीच पुसली होती, आणि उरलीसुरली दुकानदाराने भरून काढली होती.

दुसरा फोटो नव्हता म्हणून तोच भिंतीवर लागला. काकू त्याला रोज हार घालायच्या, पण पाहुण्याला चहा विचारावा तशा. एकदा मी डबा परत द्यायला गेले होते तेव्हा त्या कधी नाही ते हळू आवाजात बोलल्या.

"मेधा, मी यांचा चेहरा विसरायला लागलेय गं. डोळे मिटले की हा ब्लेझरवाला उभा राहतो."

ज्या बाईला दहा वर्षांपूर्वीच्या दाव्यातला मोटारीचा नंबर आठवायचा, ती नवऱ्याच्या तोंडासाठी चाचपडत होती. मला फार वाईट वाटलं.

वर्षश्राद्ध झालं आणि काकू बुधवार पेठेत जाऊन एक जुना, वापरलेला, विटेएवढा जड कॅमेरा घेऊन आल्या. दुकानदार म्हणाला होता, "आजी, यात फक्त बारा मेगापिक्सल आहेत. त्यापेक्षा चांगला फोन घ्या." काकू म्हणाल्या, "फोनने माझं एक माणूस नेलंय. आता पुरे."

मग त्यांनी सोसायटीतल्या सगळ्या म्हाताऱ्या माणसांना उघडउघड सांगायला सुरुवात केली, "रविवारी सकाळी या, तुमचा भिंतीवरचा फोटो काढून ठेवू." हाहाकार उडाला. लोक काकूंना पाहून रस्ता बदलू लागले. देशपांडेआजींनी तर दारातच फैलावर घेतलं, "माझ्या मरणाची तयारी करतेस होय गं?"

"मरणाची नाही हो, नंतरच्या तेरा दिवसांची," काकू म्हणाल्या. "तेव्हा तुम्हाला सवड नसेल."

देशपांडेआजी महिनाभर बोलल्या नाहीत. मग एका रविवारी पैठणी, नथ, चंद्रहार अशा थाटात स्वतःच खाली उतरल्या. काकूंनी दार उघडलं, वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "ह्या कोण? देशपांडेआजींना पाठवा." बिचाऱ्या पुन्हा वर गेल्या आणि रोजच्या सुती पातळावर करडा स्वेटर घालून आल्या. खिडकीपाशी बसल्या, कवळी घरीच राहिल्याचं त्यांच्या लक्षात आलं आणि त्या जे खदखदून हसल्या, तोच फोटो काकूंनी घेतला. त्यात गालाची प्रत्येक सुरकुती आहे, कानामागचा तीळ आहे, आणि शंभर टक्के आजी आहेत. आजी अजून ठणठणीत आहेत. फोटो त्यांनी आत्ताच हॉलमध्ये लावलाय आणि आल्यागेल्याला दाखवतात, "हार तेवढा बाकी आहे."

हळूहळू लोक रांगेने येऊ लागले. राहिले एकटे नाना. त्यांचा तत्त्वाचा प्रश्न होता. "बारा मेगापिक्सलमध्ये मी मावणार नाही," असं ते म्हणायचे. शेवटी एकदाचा सोक्षमोक्ष लावायचा म्हणून दोघांची गच्चीवर स्पर्धा ठरली. लांबवर पर्वती दिसत होती, ऊन लख्ख होतं. दोघांनी एकेक फोटो काढला आणि दोन्ही मोठे करून आणले. टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्यावर लहान मुलालाही कळेल असा निकाल होता. नानांच्या फोनमध्ये देवळाच्या भिंतीवरची माणसं मोजता येत होती. काकूंच्या कॅमेऱ्यात तिथे नुसते ठिपके होते.

काकूंनी दोन्ही फोटो डोळ्यांजवळ नेऊन पाहिले.

"मान्य," त्या म्हणाल्या. "मेगापिक्सलला महत्त्व नाही असं मी कधी म्हटलंच नव्हतं. उजेड भरपूर असला आणि फोटो भिंतभर करायचा असला तर लागतातच. पर्वती तुमची, नाना."

नाना इतके फुलले की त्यांनी विजयाच्या भरात घरातल्या मिणमिणत्या दिव्याखाली स्वतःचा सेल्फी काढला आणि काकूंपुढे धरला. फोटोत नाना पंचेचाळिशीचे दिसत होते. "बघा वहिनी! मला भिंतीवर हाच हवा."

"जरूर लावा," काकू म्हणाल्या. "लोक येऊन तुमच्यापाशीच हळहळतील, नानांचा मुलगा फार लवकर गेला हो."

पुढच्या रविवारी नाना गुपचूप दाढी करून खिडकीपाशी जाऊन बसले. मला त्यांनी सांगितलंसुद्धा नाही.

त्याच वर्षी दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून नानांचा एक जुना डिजिटल कॅमेरा निघाला. कधीकाळी त्यांनी तोसुद्धा "तीन मेगापिक्सल!" म्हणून सगळ्या नातेवाइकांत मिरवला होता. चार्जर कुठे गेला होता देव जाणे, पण आतलं कार्ड माझ्या जुन्या लॅपटॉपला लागलं. बरेचसे फोटो नानांच्या अंगठ्याचे होते. मग सोसायटीच्या हुरडा पार्टीचे आले. एका फोटोत नानांनी नेम धरून आगटी टिपली होती, धूर, गोवऱ्या, कणसं, आणि उजव्या कडेला उकिडवं बसून, तळहातावरचा गरम हुरडा फुंकत, लिमयेकाका. आपला फोटो निघतोय हे ठाऊकच नसल्यामुळे पिशव्या सांभाळायला पळाले नव्हते. हनुवटीला कणसाचं कूस चिकटलेलं, कपाळावर राख, आणि फुंकताना वर चढलेली डावी भुवई. मधे पांढरी रेघ.

मी लॅपटॉप उचलून तशीच खाली पळाले. काकू भाजी निवडत होत्या. त्यांनी पाहिलं. पुरावा मागितला नाही. मेथीची जुडी हातात धरून त्या नुसत्या बघत राहिल्या, आणि मग एकदम रागावून म्हणाल्या, "बघ, गरम आहे कळतंय आणि तरी तोंडात टाकणार! जीभ भाजली होती त्या दिवशी." मला रडू फुटलं. काकूंनी मला पदर दिला नाही, मेथी दिली निवडायला.

दुसऱ्या दिवशी आम्ही बुधवार पेठेत गेलो, ब्लेझर चढवणाऱ्या त्याच दुकानात. काकूंचे रविवारचे फोटो छापून मालक आता सरावला होता. त्याने काकांचा चेहरा कापून वेगळा केला आणि मान हलवली. "आजी, तीन मेगापिक्सल, त्यात हे कोपऱ्यात. मोठा केला तर फुटणार. पण काळजी करू नका, आता एआय आलंय. बघा तर."

त्याने दोन बटणं दाबली. थोडा वेळ काहीतरी फिरलं आणि पडद्यावर काका उगवले. मी थक्क झाले. ब्लेझर नव्हता, टाय नव्हता. राख होती, कूस होतं, पापणीचा केस न् केस मोजून घ्यावा इतकं स्वच्छ. पडदा भरून काका. मी म्हणाले, "काकू, किती सुंदर!"

काकू पडद्याला नाक लावून उभ्या होत्या. "भुवई जोडलीत," त्या म्हणाल्या.

"हो ना, तिथे जरा खराब होतं, ते त्याने आपोआप दुरुस्त केलं."

"ते खराब नव्हतं, ते मी केलं होतं. तोडा."

त्याने भुवई तोडून दाखवली. जागा जरा चुकली. पुन्हा तोडली. तो खरंच मनापासून झटत होता. काकू बराच वेळ त्या मोठ्या चेहऱ्याकडे पाहत राहिल्या. त्यांना तो हवा होता, हे मला स्पष्ट दिसत होतं. इतक्या दिवसांनी नवरा एवढा जवळ आला होता. मला वाटलं, आता त्या "चालेल" म्हणणार.

"नको," काकू म्हणाल्या. "ब्लेझरवाला परका होता, तो निदान ओळखू यायचा. हा इतका जवळचा दिसतोय की महिनाभरात मला हाच खरा वाटायला लागेल. मूळ फोटो न फुटता जेवढा होईल तेवढाच छापा."

"तळहाताएवढा होईल आजी. भिंतीवर दिसणार नाही."

"छापा."

ब्लेझरवाला उतरला. त्याच्या मागच्या भिंतीचा रंग ताजा राहिला होता, त्या मोठ्या उजळ चौकोनाच्या मधोमध काकूंनी तळहाताएवढे काका लावले. नाना बघायला आले, सोफ्यावर बसले आणि डोळे बारीक केले. "वहिनी, एवढासा? इथून काही दिसत नाही हो."

"मग उठा की. मीपण उठूनच बघते."

नाना गुडघ्यावर हात टेकत उठले, भिंतीपाशी गेले आणि चेहरा अगदी काचेजवळ नेला. दुकानात पडद्यापाशी काकू उभ्या होत्या तसेच. मग म्हणाले, "लेकाचा एकटाच खातोय."

त्या घरात पुढे हीच रीत झाली. आलेला प्रत्येक माणूस उठून भिंतीपर्यंत जायचा आणि काकांच्या समोर, श्वासाने काच धुरकट होईल इतका जवळ उभा राहायचा. ब्लेझरवाल्याला सगळ्यांनी सोफ्यावरूनच नमस्कार केला होता.

गेल्या मे महिन्यात काकू मुलीकडे नाशिकला राहायला गेल्या. गुडघे कुरकुरत होते आणि मुलीच्या आग्रहापुढे या वेळी पुरावा मागून चालण्यासारखं नव्हतं. सामान सकाळीच टेम्पोत चढलं होतं, आणि ब्लेझरवालासुद्धा गोधडीत गुंडाळून रवाना झाला होता, कारण "फ्रेम चांगली आहे". मी निरोप द्यायला खाली गेले तेव्हा घर रिकामं होतं. काकू भिंतीपाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. त्यांनी फोटो खिळ्यावरून काढला, पदराने काच पुसली आणि पर्समध्ये, चष्म्याच्या घराशेजारी ठेवला. बरोबर मावला.

"जास्त मेगापिक्सल असते ना मेधा," पर्सची चेन अर्धवट लावत त्या म्हणाल्या, "तर यांनाही टेम्पोत टाकावं लागलं असतं. आता मांडीवर बसून येतील."

खाली गाडी उभी होती. मुलगी पुढे बसली, काकू मागे, खिडकीशी. गाडी वळली तेव्हा त्या मान खाली घालून उघड्या पर्समध्ये बघत काहीतरी बोलत होत्या, आणि आम्हाला हात करायचं त्यांना राहूनच गेलं.